सासऱ्यांना घेऊन त्सॉइगलला: विंडिशएशेनबाखची एक संध्याकाळ

पहिली सूचना: नकाशावर तारे मोजून जागा ठरवायची सवय इथे उपयोगाची नाही. त्सॉइगल म्हणजे गावच्या सामाईक ब्रुअरीत उकळलेली आणि घरोघरी आळीपाळीने वाढली जाणारी बियर; तिच्या गावात आधी कॅलेंडर बघायचं. या आठवड्यात कोणाकडे बियर आहे ते आधीपासून ठरलेलं असतं आणि नेटवर सहज सापडतं. ज्याची पाळी, त्याचं घर साधारण शुक्रवार ते सोमवार उघडं. घरावर दांडीला सहा टोकांचा तारा लटकलेला. मंगळवारी त्याच दारात उभे राहिलात तर हाती काही लागायचं नाही. म्हणूनच आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्यांचं नाव मी देत नाही. तुम्ही जाल तेव्हा पाळी दुसऱ्याचीच असेल. आणि ते कुटुंब तिथे राहतंय, हॉटेल चालवत नाहीये. या सगळ्या प्रकाराची गंमत त्यातच आहे.

रेगेन्सबुर्ग, न्यूर्नबर्ग, एर्लांगन भागातल्या आपल्या मंडळींसाठी हे लिहिते आहे. विशेषतः ज्यांच्याकडे सध्या आई-वडील किंवा सासू-सासरे आलेत आणि "किल्ला दाखवला, चर्च दाखवलं, आता पुढे काय" असं झालंय त्यांच्यासाठी. आमच्याकडे अण्णा आलेत, माझे सासरे. कराडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, वय बहात्तर. मी, नवरा आणि ते असे तिघं शनिवारी दुपारी गाडीने निघालो. रेगेन्सबुर्गहून ए ९३ ने सरळ उत्तरेला, तासाभरात विंडिशएशेनबाख. गावाला रेल्वे स्टेशनही आहे आणि डॉइचलँड-तिकिटावर, म्हणजे देशभर चालणाऱ्या महिन्याच्या पासवर, येता येतं. पण परतीची शेवटची गाडी आधी बघून ठेवा. रात्री या भागात टॅक्सी मिळेल या भरवशावर कोणी राहू नये.

आता हा प्रकार नेमका काय, ते थोडं सविस्तर सांगते, कारण ते कळल्याशिवाय तिथली बियर ही नुसतीच बियर.

बव्हेरियाच्या पूर्वेकडच्या ओबरप्फाल्त्स प्रांताच्या उत्तर भागात पाच गावं आहेत: विंडिशएशेनबाख, नॉयहाउस, फाल्केनबर्ग, मिटरटाइख आणि एस्लार्न. या गावांत अजून सामाईक ब्रुअरी चालते. नॉयहाउसला बियर बनवायचा हक्क १४१५ मध्ये मिळाला, विंडिशएशेनबाखला १४५५ मध्ये. हक्क माणसाला नाही, घराला जोडलेला. घर विकलं की तो नव्या मालकाकडे जातो. हक्क असलेली कुटुंबं आळीपाळीने गावच्या ब्रुअरीत बियरचा रस उकळून नेतात आणि वापरापोटी सामाईक खात्यात पैसे भरतात. हक्कदार घरं पूर्वी पुष्कळ होती, आता मोजकीच हे करतात. २०१८ मध्ये जर्मनीने या पद्धतीला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. मोठ्या कंपन्याही 'त्सॉइगल' नावाने बाटल्या विकतात, त्यामुळे या घरांनी एकत्र येऊन 'एश्टर त्सॉइगल', म्हणजे अस्सल त्सॉइगल, अशी खूण वापरायला सुरुवात केली. दुकानातली बाटली पिऊन "त्सॉइगल घेतली, काही विशेष नाही" असं म्हणणारे भेटतात. त्यांनी ही घरची घेतलेली नसते.

नॉयहाउस म्हणजे विंडिशएशेनबाखचाच एक भाग, दरी ओलांडून वर चढावर. आमचं नशीब असं की त्या दिवशी तिथल्या ब्रुअरीत जाळ होता. दार उघडं, आत वाफ, आणि रबरी बूट घातलेला एक माणूस लाकडं सारतोय. आम्ही दारात घुटमळलो तर त्याने मानेनेच आत बोलावलं. मोड आणून वाळवलेले जव भरडून गरम पाण्यात घातलेले होते. त्यातला काही भाग काढून वेगळा उकळायचा आणि परत मिसळायचा, की सगळ्याची उष्णता वाढते. मग गोड पाणी गाळून घ्यायचं, कढईत हॉप्स, म्हणजे एका वेलीची कडवट फुलं, टाकून ते उकळायचं आणि रात्री वर छताखालच्या उथळ, पसरट हौदात सोडायचं. छपराला झडपा असतात, वाफ तिथून बाहेर. सकाळपर्यंत ते निवतं, मग ज्याचं त्याने टाकीत भरून ट्रॅक्टरला जोडून घरी न्यायचं.

अण्णा थोडा वेळ गप्प उभे होते. मग नवऱ्याला म्हणाले, "अरे, हे तर गुऱ्हाळ आहे."

आणि खरंच तेच होतं. त्यांच्या लहानपणी गावात गुऱ्हाळ एकाचं, ऊस ज्याचा त्याचा. पाळी लावायची, काहिलीचं भाडं द्यायचं, ढेपा घेऊन घरी जायचं. अण्णांनी तिथे जे प्रश्न विचारले ते मला सुचलेच नसते. जाळ कमी-जास्त कसा करता? तळाला लागतं का? चोथ्याचं काय करता? नवरा भाषांतर करून करून दमला. बूटवाला मात्र खुलला. लागतं म्हणे, म्हणून ढवळत राहावं लागतं, आणि लाकूड ओलं निघालं की दिवसाचं वेळापत्रक कोसळतं. चोथा गुरांना जातो. हे ऐकल्यावर अण्णांचं समाधान झालं. काही वाया जात नाही म्हटल्यावर त्यांच्या लेखी धंदा सचोटीचा.

पुढचं काम घरच्या तळघरात. यीस्ट तिथे घालायचं, आठवडाभर आंबू द्यायचं, मग थंडीत काही आठवडे मुरायला सोडायचं. गाळणी नाही, पाश्चरीकरण नाही. म्हणून एकाच कढईतून निघालेला रस दोन घरांत गेला तरी दोन चवीची बियर होते. यीस्ट वेगळं, तळघर वेगळं, घाई किंवा सबुरी वेगळी. इथले लोक कोणाची सरस यावर वाद घालतात, आणि तो वाद मिटावा असं कोणाच्याच मनात नसतं.

संध्याकाळ व्हायला वेळ होता म्हणून मध्ये अण्णांच्या आवडीची एक गोष्ट उरकली. गावाबाहेर ८३ मीटर उंचीचा एक लोखंडी मनोरा दिसतो. तिथे संशोधनासाठी खणलेलं जर्मनीतलं सर्वांत खोल भोक आहे: ९,१०१ मीटर. मुख्य विवर १९९० ते १९९४ या काळात खणलं, तळाशी तापमान सुमारे २६५ अंश, उष्णतेमुळेच थांबावं लागलं. शेजारी माहिती केंद्र आहे. आपल्याकडे हे कोणी बघायला जाईल असं वाटत नाही, पण कोयनेच्या माणसाला सोडवेना. कोयनेजवळ गोठण्याला भूकंपाच्या अभ्यासासाठी २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल विवर पूर्ण झालं, कराडला त्यासाठी प्रयोगशाळा आहे, हे अण्णांना तोंडपाठ. इथे १९९४ मध्ये विवरात दाबाने पाणी सोडलं तेव्हा खोलवर शेकडो बारीक भूकंप नोंदले गेले, हे कळल्यावर ते म्हणाले, "आम्ही तर अख्खं धरण भरलं." पुढे गाडीत कोणी काही बोललं नाही. ११ डिसेंबर १९६७ ला, कोयनेच्या भूकंपाच्या पहाटे, ते चौदा वर्षांचे होते.

आता मुख्य भाग.

आम्ही साडेचारला पोचलो आणि ते शहाणपणाचं ठरलं. सहानंतर बाकावर बूड टेकायला जागा नव्हती. बहुतेक घरांत आधी टेबल राखून ठेवत नाहीत. जिथे फट दिसेल तिथे "इस्ट हिअर नोख फ्राय?", म्हणजे इथे जागा आहे का, विचारायचं, लोक सरकतात. अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून बसायचं नसेल तर ही जागा तुमची नाही, हे आधीच सांगते. खोली म्हणजे घराचाच खालचा भाग: लाकडी बाकं, भिंतीवर कुटुंबाचे जुने फोटो, कोपऱ्यात शेगडी. संगीत नाही. टीव्ही नाही. पुण्यात २००९ मध्ये दूलाली सुरू झाल्यापासून मायक्रोब्रुअरीला जायची मला सवय आहे, पण तिथे बहुतेक ठिकाणी शेजारच्याशी बोलायचं तर कानात ओरडावं लागतं. इथे गोंगाट होता तो माणसांच्या गप्पांचा.

अण्णांना दारू पिण्याची माहीत असलेली जागा एकच: परमिट रूम. काळ्या काचा, पडदा, एसी, टेबलावर चकली आणि शेंगदाणे, ओळखीचं कोणी दिसलं की तोंड फिरवायचं. आणि इथे बाजूच्या टेबलावर दोन पोरं रंगकाम करत बसलेली, आजी वाटीतून सूप भरवतेय, आणि यजमानीणबाई एका हातात सहा ग्लास घेऊन वाट काढतेय. पलीकडे सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आजोबांबरोबर बियर घेत होता. इथे सोळाव्या वर्षी बियर कायदेशीर आहे हे सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "आपल्याकडे एकवीस. आणि परवाना वेगळा."

मग ऑर्डरची वेळ. नवरा पीत नाही, गाडीही त्यालाच चालवायची होती, त्याने आप्फेलशोर्ले म्हणजे सोडा घातलेला सफरचंदाचा रस मागवला. मी एक बियर सांगितली. बाईंनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून मी त्यांच्यासमोर घेतलेली नाही आणि त्यांनी घरात घेतलेली मी पाहिलेली नाही, जरी दोघांनाही सगळं माहीत आहे. अण्णांनी दोन बोटं वर केली, म्हणजे आमच्या दोघांच्या दोन. नवरा मेन्यूकार्डात डोकं घालून बसला.

ग्लास अर्ध्या लिटरचा. रंग तांब्याकडे झुकणारा, किंचित धुरकट. फेस बेताचा, आणि बुडबुडे अगदी कमी, त्यामुळे पोट फुगत नाही, हा मला तिचा सगळ्यात मोठा गुण वाटला. पहिल्या घोटात भाजलेल्या पावाच्या कडेची चव, मग थोडा गोडवा, आणि शेवटी हॉप्सचा कडवटपणा जिभेच्या मागच्या बाजूला हलका राहतो. कडू कडू आयपीए आवडणाऱ्यांना ही मिळमिळीत वाटेल. लिंबू, आंबा, कॉफी असले वास शोधू नका. ही सावकाश, बोलता बोलता घ्यायची बियर आहे. यजमानांचं म्हणणं असं की शुक्रवारी टाकी उघडते तेव्हा ती जरा तरुण असते आणि सोमवारपर्यंत अंगात मुरते. आम्ही शनिवारी होतो, मला तरी तक्रारीला जागा दिसली नाही. दुसरा ग्लास पहिल्यापेक्षा बरा लागला, अर्थात दुसऱ्या ग्लासाबद्दलचं मत कोणी फार मनावर घेऊ नये.

अण्णांनी त्यात काय काय असतं याची खात्री करून घेतली. जव, पाणी, हॉप्स, यीस्ट; पहिली तीन बव्हेरियाच्या १५१६ च्या नियमातली. "म्हणजे धान्य आणि झाडपाला," ते म्हणाले. "मग शनिवारी चालतं."

शनिवारी मांस मात्र चालत नाही, मारुतीचा वार. आणि त्सॉइगलच्या ताटात तेच तर असतं. थंड काप, लिव्हर सॉसेज, प्रेसझाक म्हणजे डुकराच्या मांसाचे थिजवलेले तुकडे, चरबी लावलेला पाव, ब्राटवुर्स्ट. सगळं घरगुती, बरंचसं त्याच परिसरातलं, आणि शेजारचे आजोबा ज्या आवडीने खात होते ते बघता चांगलंच असणार. शाकाहारी माणसाला मात्र पर्याय तोकडे. आम्हाला मिळाला ओबाट्स्टा: कॅमेम्बेअर चीज, लोणी, कांदा, लाल पाप्रिका एकत्र कालवून केलेला गोळा, बरोबर राय-गव्हाचा काळसर पाव. तो उत्तम होता. मुळ्याच्या पातळ चकत्या मीठ लावून, त्याही छान. अण्णांनी त्यावर पर्समधली माझी चाट मसाल्याची पुडी रिकामी केली. चीजची थाळी ठीक. घोळ झाला तो बटाट्याच्या सॅलडचा: शाकाहारी आहे का विचारलं, "हो" म्हणाले, आणि तळाशी खारवलेल्या डुकराचे बारीक तुकडे निघाले. यात लबाडी नाही, इथे तेवढ्याला मांस कोणी म्हणतच नाही. पण तुम्ही कट्टर असाल तर "ओने श्पेक", म्हणजे डुकराचे तुकडे नकोत, असं स्पष्ट सांगा, आणि तरीही चमच्याने ढवळून बघा. जैन मंडळींनी घरून खाऊन यावं.

आणखी कुरबुरी. कार्ड चालत नाही, रोख ठेवा. स्वच्छतागृह अंगण ओलांडून, पायऱ्या उतरून, आणि त्या पायऱ्यांना कठडा एकाच बाजूला. गुडघे दुखणाऱ्या माणसाबरोबर कोणीतरी जायला हवं. आणि इथली बोली. मला जर्मन बऱ्यापैकी येतं, ऑफिसात दिवसभर तेच बोलते, पण त्या टेबलावर पहिली पंधरा मिनिटं मला नुसते ओ आणि उ ऐकू येत होते. नंतर कान बसला.

गंमत म्हणजे भाषा न येणाऱ्या अण्णांचं काही अडलं नाही. बाजूला चार बायका शाफकोप्फ खेळत होत्या, बत्तीस पानांचा डाव. अण्णा मेंढीकोटातले जुने खेळाडू. हुकूम कोणता ते त्यांना पानं बघून कळेना, कारण यात बदाम हुकूम, शिवाय सगळ्या रंगांची काही चित्रं पण हुकूम. तीन-चार डाव झाल्यावर एकीने पान टाकायच्या आधीच अण्णांनी जीभ टाळूला लावून 'च्च' केलं. तिने हात थांबवला, पान बदललं आणि डाव मारला. मग ती खुर्ची वळवून बसली ती बसलीच. समोरच्या आजोबांना विवराचा विषय मिळाला. खोदकामाच्या काळात ते शेजारच्याच गावात शेती करत होते. नवऱ्याच्या तोंडून कोयनेची ती पहाट त्यांच्यापर्यंत गेली. अण्णा एरवी तेवढ्यावर विषय बदलतात. त्या दिवशी बदलला नाही. त्यांची आई त्यांना दाराच्या चौकटीखाली कशी दाबून उभी होती, हे लग्नाच्या इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा ऐकलं, तेही जर्मनमध्ये, नवऱ्याच्या आवाजात.

हिशेब बियरच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीच्या रेघांनी ठेवतात. एक ग्लास, एक रेघ. आम्हा तिघांचं खाणंपिणं मिळून चाळीस युरोंच्या आत आलं, आणि एक बियर तीन युरोंना पण नाही. रेगेन्सबुर्गच्या जुन्या गावात एवढ्यात दोघांचं जेवण होत नाही. ही किंमत त्यांना परवडते कारण जागा स्वतःची, नोकर म्हणजे मुलगा-सून-मावशी, आणि महिन्यातले थोडेच दिवस उघडायचं. बाकीचे दिवस ही माणसं आपापल्या नोकरीला जातात. आम्हाला बियर वाढणारा मुलगा सोमवारी सकाळी जवळच्या वायडन शहरात कामावर जाणार होता.

जाताना विचारलंत तर झाकणाच्या बाटलीत भरूनही देतात. लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा, गाळलेली नसल्याने ती थांबत नाही. आमची घरी आल्यावर तितकी रंगली नाही. थंडगार आणि ठीक होती, बस.

कोणी जावं? ज्यांना गप्पा मारायच्या आहेत, मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत, आणि "बार" या शब्दानेच घरात ज्यांची अडचण होते, त्यांनी नक्की. दहा प्रकारच्या बियर चाखायला जाणाऱ्यांनी बाम्बेर्ग गाठावं. इथे बियर एकच असते, ग्लास एकच असतो, निवड म्हणाल तर घ्यायची की नाही एवढीच. दिवस मोकळा असेल तर फाल्केनबर्गहून वाल्डनाब नदीच्या काठाने, ग्रॅनाइटच्या दगडांमधून चालत यावं, म्हणजे भुकेची सोय होते. आम्हाला गुडघ्यांमुळे ते जमलं नाही.

अण्णांचा व्हिसा अजून महिनाभर आहे. परवा मी कॅलेंडर उघडून बसले होते, फाल्केनबर्गला कधी तारा लागतोय ते बघत. ते पेपर वाचत होते, मान वर न करता म्हणाले, "शुक्रवारचं बघ. शनिवार नको."